मुक्काम सालेर्नोलाच करा

इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर जायचं म्हटलं की सगळे पोझितानोत हॉटेल शोधतात. फोटोत गाव सुंदरच दिसतं, पण फोटोत पायऱ्या मोजता येत नाहीत! तिथे रेल्वे नाही. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. आजीचे गुडघे दुखतात, धाकट्याला गाडी लागते, वर चार बॅगा. मग सुट्टी कसली?

माझ्या मते कुटुंबाने सालेर्नोत राहावं. शहर साधंच आहे, मान्य. पण तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि समुद्राकाठी लांब, सपाट रस्ता आहे. आजी संध्याकाळी आरामात फिरेल. उन्हाळ्यात बोटीने अमाल्फी, पोझितानो बघून त्याच दिवशी परत येता येतं. समुद्र खवळला तर बोटी बंद असतात, हे खरं. त्या दिवशी रेल्वेने पॉम्पेईला जा. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर मुलांना नक्की आवडेल.