शिकवणाऱ्या वर्कशॉपला बळ द्या

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिने करून सरकारने आंदोलक तरुणांची तात्पुरती समजूत काढली. वाढीव पाच महिन्यांत ही मुले नेमके काय शिकणार, हे सांगायला मात्र कोणी तयार नाही. त्यांतली बरीचशी पंचायत समित्या, शाळा आणि तहसील कार्यालयांत नेमली गेली. रिक्त पदांचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले. मुदत संपताच ‘आम्हाला कायम करा’ म्हणून ती रस्त्यावर आली, यात त्यांचा काय दोष? बाहेर जाऊन पोट भरता येईल असा हुन्नर आपण त्यांना दिलाच नाही.

वर्षाला १० लाख तरुण आणि साडेपाच हजार कोटी रुपये, असा २०२४ मधला संकल्प होता. पण जिथे हातात काम येते, ती छोटी वर्कशॉप दाराबाहेरच ठेवली गेली. सहभागी आस्थापनेकडे भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, जीएसटी अशा नोंदण्या असाव्यात, अशी अट आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा मुळात २० कामगारांपासून लागू होतो. मग शिरोलीतल्या किंवा भोसरीतल्या आठ माणसांच्या मशीन शॉपने काय करायचे? केंद्राची इंटर्नशिप योजना तर देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी. ज्यांना मदतीची सर्वांत कमी गरज, त्यांच्यासाठी पायघड्या. आणि ज्यांना खरी गरज, त्यांच्यासाठी अटी. हे संतापजनक आहे.

आयटीआयतून आलेला मुलगा पहिले काही महिने मालकाला खर्चच असतो. त्याला मायक्रोमीटर वाचता येतो, पण टूल बोथट झाल्याचा आवाज ओळखता येत नाही. इन्सर्ट तुटतात, जॉब रिजेक्ट होतात आणि शेजारी उभा राहून शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरची अर्धी पाळी वाया जाते. मुलगा स्वतः सेटिंग करू लागला की मोठा कारखाना दोन पैसे जास्त देऊन त्याला घेऊन जातो. मुलाने जावेच, त्याचे भले व्हावे. पण शिकवण्याचा भुर्दंड एकट्या छोट्या मालकाने किती वेळा सोसायचा? दुसऱ्यांदा मुलगा ठेवायला तो धजावत नाही. केंद्राची शिकाऊ उमेदवारी योजना विद्यावेतनाचा पाव हिस्सा उचलते, तोही जास्तीत जास्त दीड हजार रुपये. फुकट गेलेल्या मालाचे आणि वेळेचे कोणी काही देत नाही. त्यातच मोठ्या ग्राहकांकडून बिले थकतात. ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, पण पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने तक्रार करतो कोण?

छोटे मालक मुलांना स्वस्त मजूर म्हणून राबवतील, अशी शंका घेतली जाते. काही ठिकाणी तसे घडतेही. त्यावर देखरेख हाच उपाय आहे. राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत. तिथला निदेशक महिन्यातून एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन मुलगा काय शिकला ते पाहू शकतो. शिकाऊ मुलांना झाडू मारायला लावणाऱ्या सरकारी कार्यालयांची तपासणी आजवर कोणी केली?

छोट्या वर्कशॉपना बळ देण्याचे काम मुंबईत बसून होणार नाही, ते जिल्ह्यातच करावे लागेल. पालकमंत्रिपदासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत रुसवेफुगवे होतात. ज्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्या पदाबरोबर मिळते, तिच्या निधीतून शिकाऊ मुलांसाठी किती खर्च झाला, याचा जाब प्रत्येक पालकमंत्र्याला विचारला पाहिजे. कोणत्या गाळ्यात कोणते काम निघते, हे त्या-त्या औद्योगिक वसाहतीच्या संघटनेला ठाऊक असते; मुले कुठे पाठवायची ते तिला विचारून ठरवा. २० पेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला केवळ उद्यम नोंदणीवर योजनेत प्रवेश द्या. विद्यावेतन दरमहा ठरलेल्या तारखेला मुलाच्या खात्यात जमा करा. वर्षभर शिकवून मुलाला परीक्षेत उत्तीर्ण करणाऱ्या मालकाला त्याच्या नुकसानीची भरपाई द्या, आणि यासाठीची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्याच बैठकीत मंजूर करा.