औषधाच्या बाटलीची परीक्षा कोण घेणार?

मेहकर तालुक्यातल्या डोणगावात औषध दुकानाच्या फळीवर दिसणारी खोकल्याच्या औषधाची बाटली हिमाचल प्रदेशातल्या बद्दीची असेल, तर ती हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेली असते. वाटेत ट्रकच्या हादऱ्यांनी झाकण किंचित सैल होऊ शकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा बाटलीतला द्रव आणि वरची हवा प्रसरण पावते; रात्री ती आकसते. बारीकशी फट असली, तरी औषध पाझरते आणि हवेबरोबर जंतू व ओलावा आत शिरतात. पाणी मिसळून द्यायच्या लहान मुलांच्या अँटिबायोटिक पावडरला तर ओलावा घातकच.

म्हणून वेष्टनाच्या चाचण्या असतात. बाटल्या रंगीत पाण्यात बुडवून वरची हवा ओढून घेतात. नंतर दाब पूर्ववत केल्यावर आत रंग दिसला, तर सील गळके ठरते. भरलेले खोके ठरावीक उंचीवरून पाडतात, ट्रकसारखे हादरे देणाऱ्या टेबलावर ठेवतात आणि झाकण उघडायला किती जोर लागतो तेही मोजतात. मात्र या चाचण्या मोजक्या नमुन्यांवर होतात. गावात पोहोचलेली प्रत्येक बाटली कोणी तपासत नाही.

शाबूत सील म्हणजे शुद्ध औषध, असेही नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात ‘कोल्ड्रिफ’ने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हे विष वाटेत शिरले नव्हते, कारखान्यातच मिसळले गेले होते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, तेव्हाही चूक कच्च्या मालाची होती.

तेव्हा कच्चा माल तपासणे ही कारखान्याची आणि त्यावर नजर ठेवणे ही औषध प्रशासनाची जबाबदारी. शेवटची नजर मात्र दुकानदाराची आणि आपली. झाकणाची कडी तुटलेली, बाटली चिकट, लेबल ओले, द्रव कमी किंवा गढूळ दिसला, तर ती परत करा. बॅच क्रमांक असलेले बिल मागा. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा. आणि लहान मुलांना खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.