आगीला पक्ष नसतो

कारखान्यातील अग्निशामक हा कामगार की पहारेकरी? वरवर पाहता हा शब्दांचा कीस वाटेल. परंतु आपल्या वतीने मालकाशी कोणी बोलावे, हे ठरविण्याचा अमेरिकेतील अग्निशामकांचा अधिकार याच एका शब्दावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचे मूळ १९४७ सालात आहे. महायुद्धानंतर तेथे संपांची लाट उसळली होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून तेथील संसदेने टाफ्ट-हार्टली कायदा संमत केला. मालमत्तेच्या व माणसांच्या सुरक्षेसाठी केलेले नियम कामगारांवर आणि इतरांवर बजावण्यासाठी नेमलेला माणूस म्हणजे 'गार्ड', अशी व्याख्या त्यात आली. गार्ड आणि अन्य कामगार यांचा वाटाघाटींसाठी एकच गट करण्यास कायद्याने मनाई केली. शिवाय, अन्य कामगारांना सभासद करून घेणाऱ्या संघटनेला गार्डांची प्रतिनिधी म्हणून प्रमाणित करता येणार नाही, असेही ठरले. यामागील विचार अनाठायी नव्हता. संपाच्या दिवशी फाटक राखणाऱ्याची निष्ठा दुभंगू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

परंतु अग्निशामकाचे काय? गणवेश त्याच्याही अंगावर असतो. तोही फेऱ्या घालतो, आपत्कालीन दारे मोकळी आहेत ना ते पाहतो, ज्वालाग्राही साठ्याजवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हटकतो, नियमभंग दिसला की वर कळवितो. मग तोही गार्डच, असा युक्तिवाद होऊ लागला. १९९९ मध्ये बोइंग कंपनीच्या प्रकरणात तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने तो अमान्य केला. अग्निशामकाचे मुख्य काम आग रोखणे व विझविणे हे आहे. देखरेख त्या कामाच्या ओघात येते, एवढ्याने तो गार्ड ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय केवळ कायद्याच्या नव्हे, व्यवहाराच्या कसोटीवरही योग्य आहे. ज्याच्याकडे कामगार चुगलखोर म्हणून पाहू लागतील, त्याला पहिली ठिणगी कोण दाखवील? शिक्षेच्या भयाने लपविलेली ठिणगीच पुढे वणवा होते. अग्निशामकाचे सामर्थ्य त्याच्यावरील विश्वासात असते आणि हा विश्वास मालक व कामगार या दोघांनाही हवा असतो. मात्र एखाद्या कारखान्यात त्याच माणसांकडून फाटकावरील तपासणी आणि बंदोबस्त हे नित्याचे काम म्हणून करून घेतले जात असेल, तर निवाडा निराळा होऊ शकतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पदनाम काय आहे, यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, हे पाहिले जावे.

मे २०२४ मध्ये सिएटल परिसरातील बोइंगच्या सव्वाशेच्या आसपास अग्निशामकांना वेतनकराराच्या वादातून टाळेबंदीला सामोरे जावे लागले. महिनाअखेर करार झाला. त्यांच्या बाजूने बोलणारी संघटना अग्निशामकांच्या राष्ट्रव्यापी महासंघाशी संलग्न होती. हे जवान कायद्याने 'गार्ड' ठरले असते, तर त्या संघटनेला मंडळाचे प्रमाणपत्र मिळूच शकले नसते. एका शब्दाची किंमत ती हीच!

आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी भिंत नव्हती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेची गोष्ट वेगळी. ते शिस्तबद्ध सशस्त्र दल आहे आणि त्याचे नियम स्वतंत्र आहेत. पण खासगी कारखान्यांत मनुष्यबळ वाचविण्यासाठी पहारा आणि अग्निशमन एकाच माणसाच्या गळ्यात बांधण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. तो टाळलेलाच बरा. उद्योग हे कुटुंब मानायचे, तर संकटात सर्वांसाठी धावणाऱ्याला त्या कुटुंबातीलच दोन बाजूंपैकी एकीचा शिपाई करणे शहाणपणाचे नाही. आग मालकाचे यंत्र आणि मजुराचे शरीर यांत भेद करीत नाही. तिच्याशी झुंजणाऱ्यालाही तो करावा लागू नये.