पेडगावला गेले, लाल होऊन आले

वेड पांघरून पेडगावला जायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. (म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं म्हणतात. माझं परभणी जिल्ह्यातलं, तिथे माझी मावशी राहते.) गेल्या महिन्यात मी त्या पेडगावात भर उजेडात चक्क घोंगडी पांघरून बसले होते.

झालं असं, की माझ्या सॅकमध्ये नेहमीच्या तीन बाटल्या होत्या: मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा थ्री आणि केसांसाठी बायोटिनच्या गमीज. चौथी नवीन. अमेरिकेहून आलेल्या मैत्रिणीने ‘एनर्जीसाठी बेस्ट यार’ म्हणून दिलेली नायसिन, म्हणजे बी ३. एक गोळी ५०० मिलिग्रॅमची. सकाळी चहाच्याही आधी, उपाशीपोटी गिळली. वीसेक मिनिटांत कान तापले. मग चेहरा, मान, छाती, सगळं मिरचीसारखं लाल. वर खाज आणि आग.

‘‘अगं माय, पित्त उठलं की! कशाला खायलीस गं असल्या गोळ्या?’’ मावशीने गेरू उगाळायला घेतला आणि माझ्यावर घोंगडी टाकली. मी डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. तिने पाढे म्हटल्यासारखं विचारलं : अंगावर गांधी आहेत? ओठ, जीभ, डोळे सुजलेत? श्वास लागतोय? चक्कर, उलटी? सगळ्याला ‘नाही’. ‘‘मग बस गप्प, तासाभरात उतरेल. यातल्या एकालाही ‘हो’ म्हणाली असतीस, तर मी लगेच दवाखान्यात जायला सांगितलं असतं. श्वास लागला असता तर सरळ १०८.’’

खरंच उतरलं. ती ॲलर्जी नव्हतीच. नायसिनने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे असं लाल व्हायला होतं. त्याला तीस-पन्नास मिलिग्रॅमही पुरतात. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण १४ ते १६ मिलिग्रॅम. मी तीसपट गिळलं होतं! याच जीवनसत्त्वाच्या निकोटिनामाइड या रूपाने असं लाल होत नाही, पण बाटलीवरचं एवढं बारीक वाचतं कोण?

खरा घोळ रात्री झाला. मावशीचं हिमोग्लोबिन आठ. तिला लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्यांनी मळमळतं, पोट साफ होत नाही म्हणून ती आधीच कुरकुरत होती. माझा अवतार पाहून तिने जाहीर केलं, ‘‘माझी बी गोळी बंद. तुझ्यासारखी शिकलेली लाल झाली, मग माझं काय?’’ माझा घसा कोरडा. मला नको असलेली गोळी मी हौसेने खाल्ली, आणि तिला हवी असलेली माझ्यामुळे सुटत होती.

तिची नात आठवीत आहे. तिला शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती ताटावरून न उठता म्हणाली, ‘‘आजी, तू चहासंगं घेतीस म्हणून. उपाशीपोटी पण घेतीस. आम्हाला जेवल्यावरच देतात.’’

मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेल्या मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी बंद केली नाही. रात्री जेवणानंतर आणि एक दिवस आड घ्यायला सांगितली. लोह घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचा दिवसभर जास्तीचं लोह शोषू देत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात, लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये रोजच्यापेक्षा दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेल्याचं दिसलं. चहा आणि गोळीत दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, सोबत लिंबू चालेल. शौच काळं झालं तर घाबरायचं नाही, ते लोहामुळेच. मात्र डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं झालं तर लगेच दाखवायचं.

आणि मी? चारही बाटल्या बंद. आठवड्याभराने फक्त मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं, नाश्त्यानंतर. कित्येक महिने सकाळच्या बसमध्ये मला मळमळायचं आणि मी ते बॉसच्या नावावर खपवत होते. तो बिचारा निर्दोष निघाला. रिकाम्या पोटी झिंक गेलं की असं होतं, आणि झिंक माझ्या त्या गोळीत होतं. ते पंधरा दिवस निभावलं, की मग दुसरी बाटली. दोन एकदम सुरू केल्या तर गुन्हेगार सापडणार कसा? बायोटिन बहुधा परत घेणार नाही. त्याच्या मोठ्या डोसने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे. तुम्ही घेत असाल तर निदान रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि कुठल्याही सप्लिमेंटनंतर डोळे पिवळे, लघवी गडद झाली, तर बाटली घेऊनच डॉक्टरकडे जा. हर्बल असली तरी.

काल मावशीचा फोन आला. मळमळ कमी आहे, चहा अजून सुटत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासणार. ‘‘अन् तुझी ती लाल व्हायची बाटली?’’ तिने विचारलं. अजून कपाटात आहे, म्हटलं.

‘‘फेक आधी,’’ म्हणाली, आणि फोन नातीकडे दिला.