घरच्या जाळ्याची किल्ली कोणाकडे?

एकत्र कुटुंबात कर्ता बदलतो, तेव्हा केवळ एका माणसाची जागा दुसरा घेतो असे नव्हे. देणी-घेणी, किल्ल्या, सोयरसंबंध हे सारे नव्याने सांभाळावे लागते. घरातील मेश वायफायच्या मुख्य राउटरचेही असेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत कचेरी आणि शाळा दोन्ही घरात आल्या. एका राउटरच्या लहरी काँक्रीटच्या भिंती ओलांडून शेवटच्या खोलीपर्यंत धडपणे पोहोचत नाहीत, हा अनुभव तेव्हा अनेक कुटुंबांना आला. त्यावरचा उपाय म्हणून दोन-तीन उपकरणांचे जाळे कित्येक घरांत बसले. ते चालते तोवर त्याकडे कोणी लक्ष देत नाही. मुख्य राउटर बदलण्याची वेळ आली, की मात्र एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. पैसे मोजून घेतलेल्या या जाळ्याचा खरा मालक कोण?

जाळ्यातील उपकरणे दिसायला सारखी असली, तरी त्यांचे अधिकार सारखे नसतात. मुख्य राउटर फायबर सेवेच्या पेटीला जोडलेला असतो. घरातील प्रत्येक भ्रमणध्वनीला आणि संगणकाला अंतर्गत पत्ता देणे, बाहेरून येणाऱ्या अनाहूतांना दारातच रोखणे आणि इतर उपकरणांचे संचालन करणे ही कामे सामान्यतः त्याच्याकडे असतात. दुय्यम उपकरणे मुख्यतः निरोप्याचे काम करतात. म्हणून दुय्यम उपकरण बदलणे सोपे आणि मुख्य राउटर बदलणे जिकिरीचे. काही प्रणालींत तर सारे जाळे पुसून पहिल्यापासून उभारावे लागते. नवा राउटर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर जुनी दुय्यम उपकरणे त्याचे ऐकतीलच असे नाही.

गूगलच्या ऑनहब या राउटरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१५ मध्ये तो अमेरिकेच्या बाजारात आला आणि पुढे अनेकांनी त्याला मेश जाळ्यातही सामील करून घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने त्याचा आधार काढून घेण्याचे जाहीर केले आणि ११ जानेवारी २०२३ रोजी तो संपला. यंत्रे जळाली नव्हती, ती वायफाय देतच होती. परंतु ज्या अ‍ॅपमधून त्यांचा कारभार चाले, त्या अ‍ॅपचे दार बंद झाले. स्वतःच्याच घरातील जाळ्याच्या मांडणीत बदल करणे किंवा त्यात नवे वायफाय उपकरण जोडणे मालकांना अशक्य झाले. कंपनीने वर्षभर आधी सूचना दिली होती आणि नव्या खरेदीवर सवलतही देऊ केली होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, घरातील यंत्राचे आयुष्य परस्पर दुसरीकडे ठरते, हा मुद्दा त्याने निकालात निघत नाही.

जुने यंत्र अनंत काळ वापरावे, असाही याचा अर्थ नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केल्याचे उघड झाले. त्यांत घरगुती आणि छोट्या कचेऱ्यांतील राउटर मोठ्या संख्येने होते. सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबलेला राउटर म्हणजे कडी मोडलेला दरवाजा. तो बदलावाच लागतो. मात्र ती वेळ कधी येणार, हे ग्राहकाला विकत घेतानाच कळायला हवे.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून हे बंधन घातले आहे. सुरक्षा सुधारणा किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाला तेथे जाहीर करावे लागते. युरोपीय संघाच्या अशाच कायद्यातील मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे खोक्यावर कमाल किंमत छापतात, तशीच सुधारणांची अखेरची तारीखही ठळक छापणे. बिस्किटाच्या पुड्यावर जी माहिती मिळते, ती हजारो रुपयांच्या राउटरवर का मिळू नये?

कायदा होईल तेव्हा होईल, दक्षता मात्र आजच घेता येते. खरेदीपूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. कंपनीच्या खात्याशिवाय घरातूनच हा राउटर चालविता येतो काय? निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र नांदावीत म्हणून २०१८ मध्ये आलेले ईझीमेश प्रमाणपत्र त्याला आहे काय?

जुना राउटर काढण्यापूर्वी सेवादात्याने दिलेले वापरनाव आणि परवलीचा शब्द वहीत उतरवून ठेवावेत. नव्या जाळ्याला जुनेच नाव आणि, तो पुरेसा भक्कम असेल तर, जुनाच परवलीचा शब्द दिल्यास घरातील बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. फायबरची पेटी स्वतःच राउटरचेही काम करीत असेल, तर सेवादात्याला सांगून तिला ब्रिज पद्धतीवर ठेवावे. नाहीतर एका घराला दोन द्वारपाल होतात आणि गोंधळ उडतो. जुने उपकरण भंगारात देण्यापूर्वी त्यातील सारी माहिती पुसावी.

ही कामे अवघड नाहीत. पण घरातील एकाच जाणकार तरुणाच्या डोक्यात सारी माहिती असेल आणि तो परगावी असेल, तर वृद्ध आईवडिलांचे डॉक्टरांशी आणि बँकेशी होणारे व्यवहार क्षणात खोळंबतात. घराची एक किल्ली शेजारी विश्वासाने ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. वायफायचा तपशील लिहिलेली वही निदान घरातल्या कपाटात तरी असावी आणि ती कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.