जाणकाराचे मौन

जुन्या नाण्यांचा संग्रह करणारी चार माणसे एकत्र जमली आणि व्यापाऱ्यांच्या लबाडीचा विषय निघाला नाही, असे सहसा होत नाही. आणि या तक्रारी निराधार आहेत, असेही कोणाला म्हणता येणार नाही. साच्यात ओतलेली शिवराई अस्सल म्हणून गळ्यात मारली जाते. १९३८ सालच्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून बदलला जातो आणि १९३९ चा दुर्मीळ रुपया म्हणून तो कितीतरी पट किमतीला विकला जातो. शतकानुशतकांचा राप चढलेले तांबे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावे म्हणून, तेजाबात बुडवून लालभडक केले जाते. खरी शिवराई ज्याने हाताळली आहे, त्याला या प्रकारांची चीड का येते हे सांगावे लागत नाही. हातोड्याच्या घावाने उमटलेला तो ठसा, ‘श्री राजा शिव’ या तीन ओळींतील काठाबाहेर गेलेले एखादे अक्षर, मागल्या बाजूस ‘छत्रपति’ या अक्षरांची जोमदार वळणे आणि कडेला फाटलेले तांबे, हे सारे एकदा नजरेत बसले, म्हणजे ओतीव नाण्याच्या अंगावरील सुईच्या टोकाएवढी छिद्रे, साच्याच्या दोन अर्धांमधील घासून टाकलेली सांध आणि अक्षरांच्या बोथट कडा आपोआप खटकू लागतात. असे बनावट नाणे जाणूनबुजून विकणारा इसम व्यापारी या संज्ञेस पात्रच नव्हे, आणि त्याच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मला लिहावयाचे आहे ते आपल्याविषयी, म्हणजे संग्राहकांविषयी. व्यापाऱ्याला ज्या मापाने आपण मोजतो, ते माप आपण स्वतःला लावीत नाही, आणि ही तफावत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला जाणवतही नाही. एका सद्गृहस्थांनी एका बैठकीत सांगितलेली हकीकत येथे नमूद करतो. तालुक्याच्या गावी मोडीच्या दुकानात, घासलेल्या तांब्याच्या ढिगात, त्यांना एक अत्यंत दुर्मीळ नाणे दिसले. चेहऱ्यावरची रेषाही न हलू देता त्यांनी आणखी दहाबारा निरुपयोगी नाणी त्याच्यासोबत उचलली, दुकानदाराला शंका येऊ नये म्हणून भावासाठी थोडी घासाघीसही केली, आणि वजनाच्या भावाने तो सारा माल घरी आणला. बैठकीत त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन झाले. त्याच बैठकीत थोड्या वेळापूर्वी, एका वृद्ध विधवेच्या घरातून तिच्या पतीचा संग्रह चांदीच्या भावाने उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याचा कडक शब्दांत धिक्कार झाला होता. समोरच्याच्या अज्ञानावर मिळविलेला लाभ व्यापाऱ्याने पदरात पाडला की ती फसवणूक, आणि संग्राहकाने पाडला की ती पारख: हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

याचे उत्तर म्हणून, ज्ञान हे श्रमाने मिळविलेले धन आहे आणि त्याचे फळ घेण्याचा अधिकार ज्ञात्याला आहे, असे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी काही अंशी मान्यही करतो. नाण्यांचे दुकान थाटून बसलेल्या व्यापाऱ्याला आपल्या मालाची माहिती नसेल, तर ती करून घेण्याची जबाबदारी त्याची आहे. तोही उद्या अशाच अज्ञ गिऱ्हाइकाकडून नफा मिळविणार आहे, आणि धंद्यातील जोखीम दोघांनीही पत्करलेली आहे. जाणता संग्राहक आणि जाणता व्यापारी यांच्यातील सौद्यात मौन क्षम्य आहे. मात्र ज्याला आपण बाजारात उभे आहोत याची जाणीवही नाही, अशा माणसासमोर, म्हणजे आजोबांची पेटी उघडून बसलेल्या नातवासमोर, नांगराच्या फाळाला लागलेले मडके घेऊन आलेल्या शेतकऱ्यासमोर, मोडीच्या दुकानातील त्या गरीब माणसासमोर, हेच मौन धरणे हा सरळ अपहार आहे, मग तो गादीवर बसलेल्याने केलेला असो की अभ्यासिकेत बसलेल्याने.

याहून गंभीर मौन नाण्याच्या सापडण्याच्या ठिकाणाविषयीचे आहे, आणि त्यात व्यापारी व संग्राहक बरोबरीने सामील आहेत. नाशिकनजीक जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा जो निधी मिळाला, त्यात क्षहरात वंशाच्या नहपान राजाची १३,००० हून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. क्षहरातवंशाचा त्याने समूळ उच्छेद केल्याचा जो निर्वाळा नाशिकच्या लेण्यातील शिलालेख देतो, त्याला या निधीने मूर्तिमंत पुरावा दिला. त्याची तपासणी करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांच्या असेही ध्यानी आले की, नाव एकच असूनही नाण्यांवरील मुखवटे परस्परांशी इतके विसंगत आहेत की ते सारे एकाच पुरुषाचे मानणे कठीण आहे. ही दोन्ही निरीक्षणे शक्य झाली ती हजारो नाणी एकाच ठिकाणची म्हणून एकत्र अभ्यासता आली म्हणूनच. तोच निधी आज मिळाला, तर कदाचित तो आठवडाभरात दहा गावी पांगेल. पुन्हा ठसा मारलेली नाणी एका गल्ल्यात जातील आणि न मारलेली दुसऱ्यात. आणि प्रत्येक नाणे अस्सल असूनही त्या सर्वांनी मिळून द्यावयाची साक्ष कायमची नष्ट होईल. व्यापारी ठिकाण सांगत नाही, कारण तेथे पुन्हा माल मिळण्याची त्याला आशा असते आणि सरकारचीही धास्ती असते. संग्राहक विचारीत नाही, कारण उत्तर मिळाले तर खरेदी करणे अवघड होईल. त्या न विचारण्याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे मला मान्य नाही.

कायद्याचा दोष येथे मोठा आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. न दिल्यास कैदेची तरतूद आहे. पण सरकारने तो ठेवा आपल्याकडे घ्यावयाचे ठरविले, तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढीच रक्कम देऊन तो घेता येतो. तांब्याच्या शिवराया धातूच्या भावाने मोजल्या, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काय पडणार? कचेरीत वर्दी द्यावी, जबान्या द्याव्यात, खेटे घालावेत, आणि बाजारात जे एका नाण्याचे मिळाले असते ते साऱ्या मडक्याचेही मिळू नये, अशी तजवीज असल्यावर तो सरळ व्यापाऱ्याकडे जातो, यात नवल नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरील नाण्यांच्या विक्रीस परवाना आणि दप्तर ठेवण्याचे बंधन घातले, परदेशी नेण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. परंतु पुराव्याचा उगम जेथे होतो, त्या शेताच्या बांधावर अजून १८७८ सालच चालू आहे.

व्यापाऱ्यांच्या पक्षी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पेशवाईतील कितीतरी रुपये मुशीत वितळून गेले. धातूहून जास्त दाम देणारा कोणी पुढे आला म्हणून त्यांतील काही वाचले, आणि तो पुढे येणारा बहुधा व्यापारीच होता. पुण्याच्या दिनकर केळकरांसारख्या थोर संग्राहकाने जन्मभर जमविलेला वस्तुसंग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला, तो संग्रहही विकणाऱ्यांशिवाय उभा राहिला नसता. केळकरांचे नाव मी घेतले ते दुसऱ्याच कारणासाठी: आपण या वस्तूंचे धनी नसून काही काळाचे राखणदार आहोत, ही भावना असली की भाव करताना माणसाची वागणूक निराळी होते. आज संग्राहक म्हणविणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अर्धा संग्रह विकून उरलेला वाढवितात. त्यात गैर काही नाही. परंतु त्या क्षणी ते व्यापारी झालेले असतात, आणि व्यापाऱ्याकडून ज्या प्रामाणिकपणाची ते अपेक्षा करतात, तो त्यांनी स्वतः पाळला पाहिजे.

म्हणून माझे मागणे दोघांकडे आहे. शासनाने निधी सापडणाऱ्याला पुराव्याच्या मोलाप्रमाणे इनाम द्यावे आणि तो पंचमांश रद्द करावा. संग्राहक मंडळांनी आपल्या सभासदांसाठी एवढा नियम घालावा की, नाणे कोठून आले हे ज्या पावतीवर लिहिलेले नाही ते नाणे विकत घ्यावयाचे नाही, आणि धंद्याबाहेरच्या माणसाकडून घेताना त्याची खरी किंमत त्याला आधी सांगावयाची. आणि ज्या वाचकांच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात लक्ष्मीपूजनासाठी राखून ठेवलेली जुनी नाणी आहेत, त्यांना विनंती की, ती चिंचेने किंवा राखेने घासू नका. ती कोणाची, कोणत्या गावची, घरात केव्हापासून आहेत, हे ठाऊक असणारे माणूस हयात असेतो एका कागदावर लिहून घ्या. आणि विकण्याची वेळ आलीच, तर एकाच गिऱ्हाइकाच्या शब्दावर न जाता, ज्याला ती विकत घ्यावयाची नाहीत अशा एखाद्या जाणकाराला आधी दाखवा.