ॲप लिहिलंत, पण बसवणार कोण?



आपल्यात आयटीवाले भरपूर, त्यामुळे हा थोडासा घरचाच आहेर समजा. पण एकदा बोलायलाच हवं. जे वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला नव्या सर्व्हरवर बसवता येत नाही, ते माझ्या मते पूर्ण झालेलंच नाही. आतला कोड मग कितीही देखणा असो.

आपल्या मंडळांचंच बघा ना. इथे मंडळ म्हणजे रीतसर फेराइन. नोंदणीसाठी किमान सात सभासद, कोर्टातली नोंद, खजिनदार, वार्षिक सभा, सगळं आलं. कामं करणारे मात्र आपलेच लोक, नोकरी सांभाळून. आमच्या शहरातल्या मंडळासाठी एका हौशी मित्राने जँगोमध्ये गणपतीच्या नोंदणीचं ॲप लिहिलं. सभासदांची यादी, मुलांची वेगळी कुपनं, खात्यात आलेले पैसे नावाशी जुळवणं... अगदी मस्त काम. तीन गणपती निघाले त्यावर. मग तो पुण्याला परत गेला. पुढे सर्व्हरवरच्या लिनक्सची मुदत संपली, नवं मशीन घेतलं, आणि त्यावर ते ॲप काही केल्या उभं राहीना. सोबतच्या रीडमीमध्ये चार ओळी, त्यातली एक "बाकी नेहमीप्रमाणे"! आता पुन्हा एक्सेल आणि व्हॉट्सॲप. त्या मित्राला मी दोष देत नाही. त्याने फुकट आणि मनापासून केलं होतं. ही आपल्या धंद्याचीच सवय आहे.

जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा स्वयंपाकघर कसं मिळतं? चार भिंती, पाण्याचा पाइप आणि स्टोव्हसाठी एक वायर. सिंकसुद्धा आपण आणायचं. रिकाम्या सर्व्हरवर जँगो किंवा रेल्सचं ॲप बसवणं म्हणजे तेच. भाषेची बरोबर तीच आवृत्ती, डझनभर लायब्ररी, डेटाबेस, सतत चालू राहणारा ॲप सर्व्हर, त्याच्यापुढे एनजिनएक्स, सर्टिफिकेट, शिवाय मशीन रीस्टार्ट झालं की हे सगळं आपोआप उठेल याची व्यवस्था. जँगोत तर डीबग बंद केला आणि परवानगी असलेल्या होस्टची यादी भरायची राहिली, की प्रत्येक पानावर ४०० एरर. कारण माहीत असेल तर एका मिनिटाचं काम, नसेल तर रविवार गेला.

पीएचपीला आपण कॉलेजपासून नावं ठेवत आलो. पण तिथे होस्टिंगवाल्याने आइनबाउक्युखे आधीच बसवून ठेवलेलं असतं. फाइली एफटीपीने चढवा, डेटाबेसचा पासवर्ड भरा, झालं. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं आणि पाच मिनिटांत इन्स्टॉल होतं हीच त्याची ख्याती झाली. ते जगभर पसरलं त्यात कोडच्या सौंदर्याचा वाटा फारसा नसावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

याचं आणखी चांगलं उदाहरण जर्मनीतलंच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये झॅम्प कुणी वापरलं नाही? ते एचटीडॉक्स फोल्डर आणि ते लोकलहोस्ट! काय झाइडलर आणि काय फोगेलगेझांग यांनी २००२ मध्ये अपाची फ्रेंड्स हा प्रकल्प सुरू केला, झॅम्प त्यांचं. (दोघांचंही नाव काय. मराठीत सांगताना जरा पंचाईतच.) अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी, पर्ल यातलं काहीही त्यांनी लिहिलेलं नाही. सगळं आधीपासून फुकट मिळतच होतं. त्यांनी फक्त ते एकमेकांशी जुळवून एका डब्यात भरून दिलं. आपल्याकडे हे 'खरं प्रोग्रामिंग' मानत नाहीत. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं पहिलं वेब पान त्या डब्यामुळे चाललं. झॅम्प शिकण्यासाठी आणि डेव्हलपमेंटसाठी आहे, खऱ्या सर्व्हरवर तसंच्या तसं चालवू नका, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलंय. म्हणजे आपल्या लॅपटॉपवर बसवणं सोपं झालं, जगासमोर उभं करणं होतं तिथेच राहिलं.

आता कुणीतरी म्हणेल, अरे डॉकर आहे की! आहे, २०१३ पासून आहे, आणि त्याने खरोखर खूप त्रास वाचवलाय. पण डॉकर म्हणजे लायब्ररीची भांडणं एका खोक्यात बंद करणं. खोक्याला अपडेट कोण देणार, बॅकअप कोण घेणार, हे प्रश्न बाहेरच उरतात. शिवाय तयार खोकी दुसऱ्याच्या मर्जीवर. बिटनामीच्या तयार इमेजेस वर्षानुवर्षं फुकट मिळायच्या, २०२५ मध्ये ब्रॉडकॉमने त्यांतल्या बहुतेकांना कात्री लावली. हेरोकूची फुकट सोय २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली, तिथली हौशी ॲप्सही लोकांना एक तर हलवावी लागली, नाहीतर पैसे मोजून ठेवावी लागली.

"गूगल फॉर्म वापरा" हा सल्लाही नेहमीचा. पिकनिकला कोण येणार एवढंच विचारायचं असेल तर जरूर वापरा. पण सभासदांचे पत्ते, मुलांची वयं, खात्यांचे आयबान नंबर? मे २०१८ पासून डीएसजीव्हीओ लागू आहे. ही माहिती कुठे ठेवली आणि ती सांभाळणाऱ्या कंपनीशी करार केला का, याचं उत्तर कार्यकारिणीला द्यावं लागतं, ॲप लिहिणाऱ्याला नाही. म्हणून आपल्या ताब्यातलं, आपल्याला हलवता येईल असं ॲप हवं.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनाही हे पटायला लागलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेल्स ८ मध्ये छोट्या ॲपला एसक्यूलाइट पुरेल, रेडिस लागणार नाही आणि साध्या लिनक्स मशीनवर ॲप चढवायला कमाल नावाचं साधन सोबत येईल, अशी सोय केली आहे. चांगलंच आहे, पण तेही शेवटी इंजिनिअरसाठी. मला जास्त आवडतो तो स्टुटगार्टच्या नेक्स्टक्लाउडचा 'ऑल-इन-वन' प्रकार. एक मुख्य कंटेनर चालू करायचा, बाकीचे तो उभे करतो, आणि बॅकअप व अपडेट ब्राउझरमधूनच. कुणीतरी बसून 'बसवणारा माणूस कोण आहे' याचा विचार केलेला दिसतो.

आमच्या मंडळात आता नियम केलाय. नवं ॲप स्वीकारण्याआधी खजिनदाराच्या हातात होस्टिंगचं रिकामं खातं आणि कालचा बॅकअप द्यायचा. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं नाही. तासाभरात जुन्या नोंदी पडद्यावर दिसल्या पाहिजेत. यंदाचं ॲप साध्या पीएचपीत आहे, एसक्यूलाइटवर. आमच्या खजिनदार वहिनी बँकेत काम करतात, टर्मिनल त्यांनी कधी उघडलेलं नाही. त्यांना चाळीस मिनिटं लागली. डेटाबेसची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवायची होती (आत ठेवली तर कुणीही डाउनलोड करेल), तिथे त्या अडल्या, कारण त्या फोल्डरला लिहायची परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती तपासणी ॲपमध्येच घातली. आता परवानगी नसेल तर ते कुठे काय बदलायचं ते मराठीत सांगतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ॲपने पाठवलेल्या पावत्या अर्ध्या लोकांच्या स्पॅममध्ये जातात, आणि त्यासाठी डोमेनच्या एसपीएफ-डीकेआयएमच्या नोंदी कराव्या लागतात. ते काही वहिनींना सांगता येईल इतकं सोपं मला करता आलेलं नाही. तुमच्या मंडळात कुणी केलं असेल तर जरूर कळवा, गणपतीच्या आत जमलं तर बरं.